वाचकांचे प्रश्न : एकाच दगडातल्या निळ्या छटा

प्रश्न : मी जलरंगांत काम करते. निहोंगा, म्हणजे पारंपरिक जपानी पद्धतीने चित्रे काढणारे चित्रकार पांढरा रंग न मिसळता एकाच दगडापासून गडद आणि फिका असे दोन्ही निळे मिळवतात, असे वाचनात आले. हे कसे साधते?

उत्तर : यातली मेख पाण्यात नसून कणांच्या आकारात आहे. ॲझुराइट या तांब्याच्या खनिजाची भरड पूड गर्द निळी दिसते. तीच आणखी बारीक केली की कणांवरून अधिक प्रकाश विखुरतो आणि रंग फिका होत जातो. त्यामुळे जपानमध्ये खनिजरंगांच्या पुड्यांना साधारणपणे ५ ते १३ असे क्रमांक असतात, आणि क्रमांक जितका मोठा तितकी पूड बारीक व फिकी. याउलट काळपट निळा हवा असेल तर चित्रकार ही पूड चक्क भाजतो.

या पुडीला स्वतःचा चिकटपणा नसतो. जनावरांच्या कातड्यापासून केलेला सरस पाण्यात भिजवून, न उकळता कोमट करून, तो चिनी मातीच्या बशीत बोटाने पुडीत मळून घ्यावा लागतो. सरस कमी पडला तर वाळलेला रंग भुकटीसारखा झडतो, आणि जास्त झाला तर थराला तडे जातात. शिवाय भरड कण तळाशी बसतात, म्हणून कुंचला दर वेळी बशीच्या तळापासून ढवळूनच उचलायचा. जलरंगांची सवय असलेल्या हाताला हेच सर्वांत अवघड जाते, असे मला वाटते.

‘निहोंगा’ हे नाव मात्र या साहित्याइतके जुने नाही; पाश्चात्त्य तैलचित्रांपासून वेगळेपण दाखवण्यासाठी ते जपानच्या मेजी काळात (१८६८ ते १९१२) रूढ झाले. त्या परंपरेतले योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो बाह्यरेषा गाळून नुसत्या रंगाने आकार घडवू लागले, तेव्हा टीकाकारांनी या शैलीला ‘मोरोताइ’, म्हणजे धूसर शैली, असे हिणवले. हे दोघे १९०३ मध्ये कोलकात्याला आले होते, आणि बंगाली चित्रकार अवनींद्रनाथ ठाकुरांच्या ‘वॉश’, म्हणजे पातळ रंगाचे थर पसरवण्याच्या पद्धतीमागे ताइकानची प्रेरणा आहे. शुन्सोचे १९१० चे ‘काळे मांजर’ हे रेशमावरचे चित्र मिळाले तर अवश्य पाहा : मांजराच्या अंगाला कडेची रेषाच नाही, काळा रंग लवेसारखा विरत गेला आहे.