नौदलातला नाविक 15 वर्षांनी बाहेर पडतो, वायुसेनेतला 20 वर्षं थांबतो, लष्करात मात्र प्रत्येकाचं वेगळं. असं का?

मुख्य कारण करार आणि पेन्शन. जवानाला पेन्शनसाठी किमान 15 वर्षं सेवा लागते. अग्निपथ (2022 पासूनची 4 वर्षांची भरती योजना) येण्यापूर्वी भरती झालेल्या नाविकाचा पहिला करार साधारण तेवढाच, म्हणून पस्तिशीच्या आत पेन्शन हातात घेऊन तो बँकेच्या परीक्षेला बसतो. सरकारी बँकांत क्लार्कच्या 14.5 टक्के जागा माजी सैनिकांना आहेत, वयोमर्यादा मोजताना वयातून सेवेची वर्षं अधिक 3 वजा होतात. शिवाय जहाजावरचे महिने, तीन मजली बंकवरची झोप, मुलांची दर बदलीला नवी शाळा. एक्स्टेन्शनवर, म्हणजे करार वाढवण्यावर, सही करायची की नाही हे बहुतेकदा घरीच ठरतं.

वायुसेनेत अग्निपथपूर्वी पहिला करार 20 वर्षांचा असायचा, त्यामुळे थांबणं ही आवड असतेच असं नाही.

लष्करात हुद्दा ठरवतो. शिपायाची बढती हुकली की चाळिशीच्या आसपास घरी. सुभेदार पन्नाशीच्या आसपास पोचतो. प्रमोशन कॅडर (बढतीसाठीचा कोर्स) नापास होणं किंवा मेडिकल कॅटेगरी (तब्येतीची श्रेणी) घसरणं, गाडी इथेच अडते.

एक चूक फार महागात पडू शकते: मुदतीआधी स्वतः अर्ज करून बाहेर पडणं. 7 नोव्हेंबर 2015च्या आदेशाने त्यानंतर तसं निघणाऱ्यांना वन रँक वन पेन्शन (समान हुद्दा आणि समान सेवेला समान पेन्शन) नाकारली होती. करार संपू द्या.

अग्निवीरांचं, म्हणजे अग्निपथमधून भरती झालेल्यांचं, गणित निराळं: 4 वर्षं, पेन्शन नाही, जास्तीत जास्त 25 टक्के कायम.