नाव कमी करण्याआधी एकदा घरी जाऊन ये

सलाम भाऊ. तुमच्या चर्चच्या तरुण संघाचं सचिवपद नुकतंच तुझ्याकडे आलंय. यादीत बत्तीस नावं, शनिवारच्या सभेला जेमतेम नऊ जण. म्हणून सलग तीन सभा चुकवणाऱ्याचं नाव कमी करायचा नियम करू का, असं विचारलंस. करू नकोस. तुझी तळमळ खरी आहे, पण असाच एक नियम मी केला होता आणि तो भलत्याच माणसाला भोवला.

भायखळ्याजवळच्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी बरीच वर्षं पंचकमिटीची (कारभार पाहणाऱ्या समितीची) चिटणीस होते. नऊची उपासना आम्ही आठला आणली, म्हणजे पुढच्या कार्यक्रमांना वेळ मिळेल. शिवाय प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, सुरू झाल्यावर कुणी आत यायचं नाही, असंही ठरलं. फळ्यावरची नोटीस माझ्याच अक्षरातली.

आमच्या एक मावशी बदलापूरहून यायच्या. यजमान गिरणीत होते. १९८२ चा संप लांबत गेला, नोकरी गेली, पुढे परळची खोलीही गेली. गिरणगावातली आपली कितीतरी कुटुंबं अशीच कल्याण, बदलापूर, विरारकडे सरकली, चर्च मात्र जुनंच धरून राहिली. बदलापूरहून भायखळा म्हणजे दीड तास, त्यात रविवारच्या गाड्या कमी. दोन महिने ओळीने मावशी प्रभुभोजनाला उशिरा पोचल्या आणि दोन्ही वेळा बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. तिसऱ्या महिन्यापासून आल्याच नाहीत.

मी त्यांच्या घरी गेले सहा महिन्यांनी, आणि तेही थकलेली वर्गणी आणायला. हे लिहितानाही लाज वाटते. मावशींनी चहा ठेवला आणि 'उपासना संगीत' हे आपलं भजनांचं पुस्तक काढलं. जुन्या साडीच्या कापडाचं कव्हर, आत दर रविवारची अर्पणाची दहाची नोट घडी करून जपून ठेवलेली. म्हणाल्या, "आठ वाजले की टिळकांचं एक भजन म्हणते, मग प्रार्थना करते. इथं मला उशीर होत नाही गं." हे टिळक म्हणजे कवी नारायण वामन टिळक. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ साली आपल्या मुंबईतच झाला, याचा मावशींना केवढा अभिमान! तक्रारीचा एक शब्द मात्र त्या बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

बायबलमधल्या 'करिंथकरांस पहिले पत्र' यातला प्रीतीचा तेरावा अध्याय आपण लग्नात वाचतो. पण पौलाने तो लिहिला करिंथच्या भांडणाऱ्या मंडळीसाठी. कुणाचं कृपादान, म्हणजे देवाने दिलेली देणगी, मोठं, यावरून तिथं चढाओढ होती. त्याआधी अकराव्या अध्यायात तर पौल प्रभुभोजनाबद्दलच बोलतो: काही जण आपापलं आधी उरकतात, दुसरे उपाशी राहतात. त्यावर ३३ व्या वचनात तो सांगतो, एकमेकांची वाट पाहा. हे वचन मला तोंडपाठ होतं आणि दार बंद करायची नोटीसही मीच लिहिली होती.

उपासना पुन्हा नऊला आणायला चार महिने वाद घालावा लागला. एक कुटुंब रागावून गेलं, त्यांच्याकडेही आम्ही जात राहिलो. बदलापूरला महिन्यातून एकदा घरसभा सुरू झाली, पहिली मावशींच्याच घरी.

तुझ्या यादीत प्रत्येक नावापुढे हजेरीऐवजी लिही: राहतो कुठे, ड्युटी कोणती, घरी कोण आजारी आहे. डिलिव्हरी करणाऱ्या पोरांचा शनिवार संध्याकाळी सगळ्यात जास्त धंदा होतो, ते सभेला कसे येणार? वार बदलता येतो का बघ. आठवड्याला दोन घरं केलीस तरी चार महिन्यांत बत्तीसही होतील. गेल्यावर सभेचा विषय काढू नकोस. आईवडिलांशी बोल, चहा घे, त्यांनी म्हटलं तर प्रार्थना कर. 'नुसते बहाणे सांगतो' असं ज्याच्याबद्दल लिहिलंस, त्या नालासोपाऱ्याच्या मुलाकडे सगळ्यात आधी जा. आणि पावतीपुस्तक नेऊ नकोस.