प्राणऊर्जा, प्राणशक्ती आणि दमसास

कोल्हापुरात रंकाळ्याकडच्या एका योगवर्गाच्या फलकावर 'मंत्र चँटिंगने प्राणऊर्जा वाढवा' असं वाचून एका ताईंनी दोन गोष्टी विचारल्या आहेत. 'प्राणऊर्जा' बरोबर की 'प्राणोर्जा'? आणि 'चँटिंग'ला मराठीत जप म्हणायचं की पठण?

संधीचं आधी उरकू. संस्कृतच्या नियमानं प्राण आणि ऊर्जा मिळून 'प्राणोर्जा' होतं. पण मराठीनं अणुऊर्जा, सौरऊर्जा हे शब्द संधी न करताच रुळवले आहेत. 'अणूर्जा' कुणी लिहीत नाही. तेव्हा 'प्राणऊर्जा'ला अशुद्ध म्हणता येणार नाही. मला तो खटकतो तो अर्थामुळे.

आज ऊर्जा म्हटलं की शाळेतलं विज्ञान आठवतं: मोजायची, साठवायची, एका रूपातून दुसऱ्या रूपात जाणारी गोष्ट. वेदातली 'ऊर्ज्' वेगळी आहे. अन्नातला रस, पोषण आणि त्यातून अंगी येणारं बळ, असा तिचा अर्थ. शुक्ल यजुर्वेदाची संहिता 'इषे त्वोर्जे त्वा' अशीच सुरू होते, आणि महिन्यांच्या जुन्या नावांत आश्विन हा 'इष' तर कार्तिक हा 'ऊर्ज'. कोल्हापूरकरांना हा ऊर्ज महिना इतिहासातूनही ठाऊक आहे. १८९९ मध्ये कार्तिकस्नानासाठी राजर्षी शाहू महाराज पंचगंगेवर गेले असता त्यांच्यासाठी वेदोक्त (वेदांतले) नव्हे, पुराणोक्त (पुराणांतले) मंत्र म्हटले जातात हे पुढे आलं आणि वेदोक्त प्रकरण पेटलं. कोणाला कुठला मंत्र, यावरून या गावानं एवढं सोसलं आहे. त्याच गावात आज कुणीही बाया-बापडे एकत्र बसून गायत्री म्हणतात, याचं मला फार मोल वाटतं. म्हणूनच त्या फलकावरचे शब्दही नेमके असावेत असं वाटतं.

आता 'प्राण'. 'अन्' म्हणजे श्वास घेणे. त्याला 'प्र' लागून प्राण. (ओंकाराला म्हणतात तो 'प्रणव' मात्र 'नु' या धातूपासून आला. त्या धातूचा अर्थ स्तुती करणे. प्रणव आणि प्राण एकाच मुळाचे नव्हेत, दिसायला कितीही जवळचे वाटोत.) संस्कृतात जीव या अर्थी हा शब्द बहुधा बहुवचनी येतो, 'प्राणाः'. आपणही 'त्यांनी प्राण सोडले' असंच म्हणतो. पाच प्राण घरोघरी जेवणाच्या ताटावर भेटत आले आहेत: प्राणाय स्वाहा, अपानाय स्वाहा, व्यानाय, उदानाय, समानाय. छांदोग्य उपनिषदात या आहुती आहेत, आणि त्याच उपनिषदात वाणी, डोळे, कान, मन यांच्याशी प्राणाचा श्रेष्ठत्वाचा वादही आहे. एकेक जण शरीर सोडून वर्षभर बाहेर राहून येतो, शरीर चालतच राहतं. प्राण निघू लागतो तेव्हा मात्र सगळ्यांची पाळंमुळं उखडू लागतात.

मराठीत प्राण कंठाशी येतात, पणाला लागतात. आपण ते ओततो, मूर्तीत प्रतिष्ठित करतो, पंचप्राण कानांत आणून ऐकतो. प्राण 'वाढवतो' असं कुणाच्या तोंडी नाही. 'वाढवा' हे क्रियापद ऊर्जेचं, आणि तेच प्राणाला चिकटवलं गेलं.

वाढवता येतो तो दम. हा शब्द फारसीतून आला, अर्थ श्वास, आणि कोल्हापुरात तो तालमीतही आहे आणि गाण्यातही. आखाड्यात पैलवानाचा दम बघतात. गाण्यात त्याचाच 'दमसास' होतो. शाहू महाराजांच्या दरबारी असलेल्या अल्लादिया खाँसाहेबांची जयपूर गायकी लांब, अखंड पल्ल्याची. दमसास नसेल तर ती पेलत नाही. मंत्र म्हणणाऱ्याचंही पहिलं काम याच जातीचं आहे. संध्यावंदनातल्या प्राणायामाचं वचन बघा: 'त्रिः पठेदायतप्राणः', म्हणजे श्वास आवरून मंत्र तीनदा म्हणावा. तिथे मंत्र हेच श्वासाचं माप आहे. २००१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या एका अभ्यासात लॅटिन जपमाळेची प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे' हा मंत्र, दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला साधारण ६ पर्यंत मंदावल्याचं आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची प्रतिक्रिया सुधारल्याचं दिसलं. भाषा वेगळ्या, श्वासाची लय तीच. संस्कृत मंत्राचं मोल यानं कमी होत नाही. त्याला अर्थाचं अंग आहेच. पतंजलींनी 'तज्जपस्तदर्थभावनम्' म्हणताना जपाला अर्थाचं चिंतन जोडून दिलं आहे.

राहिला जप. 'जप्' धातूत पुटपुटणं आहे. मनुस्मृतीत नुसत्या ओठांनी केलेल्या उपांशु जपाला शंभरपट आणि मानस जपाला हजारपट मान दिला आहे. म्हणून वीस माणसं खड्या आवाजात एका सुरात म्हणतात त्याला जप म्हणू नये. ते पठण, फार दणदणीत असेल तर घोष. अथर्वशीर्षाची आवर्तनं होतात, पोथीचं पारायण होतं, माळेवर होतो तो जप. आणि साध्या बोलण्यात मंत्र 'म्हणतात', एवढं पुरे आहे. 'चँटिंग'मध्ये हे सगळे फरक पुसले जातात.

फलक माझ्या हाती दिला तर मी लिहीन: 'मंत्रपठणातून प्राणशक्तीची जोपासना'. वर्गात मुख्य भर श्वासावर असेल तर सरळ 'मंत्र म्हणा, दमसास वाढवा'. 'प्राणशक्ती' लिहिताना शेवटी दीर्घ ती; पण पुढे शब्द जोडलात तर ऱ्हस्व, 'प्राणशक्तिसाधना'.