भरलेले पैसे आणि सुजलेला गुडघा

प्रश्न : सप्टेंबरअखेरच्या केदारनाथ-बद्रीनाथ सहलीसाठी आम्ही उभयतांनी 84,000 रुपये भरले आहेत. तयारीत तीन महिने गेले. आता यजमानांचा गुडघा सुजला आहे. सहल आज रद्द केल्यास 30,000 रुपये परत मिळतील. पण ‘एवढे पैसे भरलेत, आता जायलाच हवे’ असे यजमानांचे म्हणणे आहे. काय करावे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपण जा अथवा जाऊ नका, 54,000 रुपये गेलेलेच आहेत, त्यामुळे निर्णयाच्या हिशेबात ते धरूच नयेत. प्रश्न उरतो तो 30,000 रुपयांचा आणि वर लागणाऱ्या घोड्या-डोलीच्या खर्चाचा. हीच सहल आज कोणी एवढ्या रकमेत देऊ केली असती, तर हा गुडघा घेऊन आपण ती घेतली असती का, असे यजमानांना विचारून पाहावे.

त्यांची चूक जगावेगळी नाही. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी 1985 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानसशास्त्रीय अभ्यासात 61 जणांना अशी कल्पना करायला सांगितले होते, की बर्फावर घसरण्याच्या खेळासाठी त्यांनी अमेरिकेतल्याच मिशिगनच्या सहलीचे 100 डॉलरचे आणि विस्कॉन्सिनच्या सहलीचे 50 डॉलरचे तिकीट काढले आहे, दोन्ही एकाच शनिवार-रविवारी आहेत आणि पैसे परत मिळणार नाहीत. विस्कॉन्सिनला अधिक मजा येईल हे सांगूनही 33 जणांनी महागडे मिशिगन निवडले. पैसे वाया घालवल्याचा ठपका माणसाला नकोसा असतो. तो टाळण्यासाठी तो सुट्टीही वाया घालवायला तयार होतो. (आपल्या घरांत तर उरलेली भाजी संपवतानाही हेच चालते.)

तीन महिन्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. वेळेचा जमाखर्च आपण पैशासारखा काटेकोरपणे मांडत नाही, हे माणसांच्या निर्णयांचे अभ्यासक दिलीप सोमण यांनी 2001 मधील प्रयोगांतून दाखवले. शिवाय आपण जमवलेली माहिती बुडालेली नाही. ती पुढल्या वर्षीही उपयोगी पडेल.

गौरीकुंडापासून केदारनाथपर्यंत सुमारे 16 किलोमीटरची चढण आहे आणि मंदिर साडेतीन हजार मीटरहून उंचावर आहे. गुडघ्याला हे झेपेल का, ते डॉक्टरांना विचारावे. भरलेली रक्कम त्यांना सांगू नये. रद्द करण्यापूर्वी सहल पुढच्या हंगामात हलवता येईल का, हेही चालकांना लेखी विचारावे. केदारनाथ मंदिराची दारे भाऊबीजेला बंद होतात आणि उन्हाळ्यात पुन्हा उघडतात.