दापोलीच्या जागेत चुलतभावाने परवानगीशिवाय खोल्या बांधल्या, आता 'आपसात मिटवू' म्हणतो. सही करावी का?

घाई नको. तुम्ही पुण्यात, जागा सामाईक, म्हणजे दोन भांडणं एकत्र आलीत. हिश्श्याचं भांडण आपसात मिटतं; सीआरझेडचं (किनारा नियमन क्षेत्र, म्हणजे समुद्रकाठच्या बांधकामाचे नियम) नाही. तुम्ही पाचशेच्या स्टँपवर कितीही गोड लिहून दिलंत तरी बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही. उलट सातबाऱ्यावर तुमचंही नाव असेल तर नोटीस तुमच्याही दारात.

आधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून 'क' प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) घ्या. मग मंजूर किनारा नकाशावर भरतीरेषेपासूनचं अंतर बघा. 2019 च्या सीआरझेड अधिसूचनेनुसार ग्रामीण भागात विरळ वस्ती असेल तर 200 मीटर, दाट वस्तीला 50 मीटर ना-विकास पट्टा, म्हणजे तिथे नवं बांधकाम नाही. खोल्या त्यात असतील तर तडजोडीत एकच कलम कामाचं: पाडण्याचा खर्च त्याचा, तारीख ठरलेली. (खोल्या होमस्टेला देत असेल तर त्या भाड्यात वाटा मागू नका, गोत्यात याल.)

पट्ट्याबाहेर निघाल्या तर वाटणीपत्र नोंदवा, बांधकाम परवानगीचं त्याने बघावं.

ऐकत नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा, पोच घ्या. पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम खंडपीठ पुण्यातच आहे, पण तिथे अर्ज करायची मुदत साधारण सहा महिन्यांची. खोल्यांच्या पायाच्या बांधकामाचे फोटो तारखेसकट जपून ठेवा.