निवडणुकीतील रील्समुळे लोकांचे मत खरोखर बदलते का?

मत बदलत असेल असे मला वाटत नाही. घरातली माणसे मात्र एकमेकांपासून दुरावतात, आणि ते मी माझ्याच घरी पाहिले म्हणून हे लिहिते आहे.

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीआधी भाऊबीजेला धाकटा भाऊ ऐरोलीहून आमच्या नौपाड्यातल्या घरी आला. ओवाळून झाले आणि निरांजन शांत होण्याआधीच त्याने ठाण्यातल्या एका उमेदवाराचा वीस-बावीस सेकंदांचा व्हिडिओ माझ्यासमोर धरला. उमेदवार म्हणत होता, “पाणी हवे असेल तर आम्हालाच मत द्या.” आमच्याकडे पाण्याचा प्रश्न असल्यामुळे त्या सभेला मी स्वतः गेले होते. “अशी धमकी आमचे विरोधक देतात,” हे त्याचे पुढचे वाक्य कापलेले होते. मी तसे सांगितले, तर भाऊ म्हणाला, “ताई, डोळ्यांना दिसतंय ते खोटं आणि तू सांगतेस ते खरं?” ऐरोली हा वेगळा मतदारसंघ, तो उमेदवार त्याच्या मतदानयंत्रावर असणारच नव्हता, आणि त्याचे मत तर कित्येक वर्षांपासून ठरलेले आहे. तरीही जेवणाची पाने मांडण्याआधी तो तुकडा कुटुंबाच्या ग्रुपवर गेला होता. आपण ज्यांना नावे ठेवतो ते तसेच आहेत, याचा पुरावा त्याला हवा होता.

२०१९ मध्ये राज ठाकरे यांच्या ‘लाव रे तो व्हिडिओ’च्या सभांना प्रचंड गर्दी झाली, तरी राज्यातल्या लोकसभेच्या ४८ पैकी ४१ जागा त्यांनी ज्या युतीविरुद्ध प्रचार केला तिलाच मिळाल्या. तिथे निदान व्हिडिओ दाखवणारा माणूस व्यासपीठावर उभा होता, त्याला जाब विचारता येत होता. भावाकडे आलेला तुकडा कोणी कापला, हे विचारायचे कोणाला? टीव्ही किंवा समाजमाध्यमांवरच्या पक्षाच्या जाहिरातीला निवडणूक आयोगाचे पूर्वप्रमाणन, म्हणजे आधी तपासून दिलेली मंजुरी, लागते, मतदान संपण्याआधीचे ४८ तास जाहीर प्रचार बंद असतो. पण नातेवाइकाने पुढे पाठवलेला व्हिडिओ जाहिरातीत मोडत नाही.

सगळेच व्हिडिओ घातक असतात असे नाही. पैसा नसलेला अपक्ष उमेदवार फोनच्याच आधारे मतदारांपर्यंत पोहोचतो, हेही मान्य करायला हवे.

तुम्हाला कोणी असा तुकडा दाखवला तर त्यावर वाद न घालता पूर्ण भाषण मागा. भावाला मी त्याच रात्री पूर्ण भाषण पाठवले, ते वाक्य कितव्या मिनिटाला येते तेही लिहिले. त्याने माझी माफी मागावी असे मी कधीच म्हटले नाही. ज्या ग्रुपवर तुकडा टाकला, तिथेच त्याने पूर्ण भाषणही टाकावे, एवढेच माझे म्हणणे होते आणि आजही आहे.