वडिलांचे सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी छातीत धडधडलं की ‘मी आता जातो’ म्हणतात. नाटक आहे का?
नाटक नाही हो. धडधड खरीच असते. भीतीने ती वाढते आणि वाढली की तीच मरणाची खूण वाटते. २०१३ च्या डीएसएम-५ (मानसिक आजारांच्या निदानाची अमेरिकी नियमपुस्तिका) नुसारही लक्षणाला वैद्यकीय कारण सापडतं का, यापेक्षा त्याची काळजी माणसाला किती व्यापते हे पाहतात. आमचे पंचवटीतले काका रामकुंडावर कुणाच्या दशक्रियेला जाऊन आले की रात्री दोनला नाडी धरून बसायचे, ईसीजीची फाईल उशाशी! खोदून विचारलं तेव्हा कळलं, भीती मरणाची कमी, अंथरुणाला खिळण्याची जास्त. तेव्हा ‘काही झालं नाही तुम्हाला’ म्हणू नका, बोलू द्या. डॉक्टर एकच ठेवा, भेटी ठरावीक. नवं लक्षण दिसलं तर मात्र तपासाच. सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी समुपदेशन पद्धत), गरज पडल्यास गोळ्या, दोन्हींचा उपयोग होतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं.